पगारवाढ कमी झाली, रेटिंग घसरलं, हे समोरच्याला सांगायचं कसं?

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममधल्या एका सहकारी मुलीला मी अप्रेझलमध्ये सांगितलं होतं की तुझं काम छानच आहे गं, फक्त कम्युनिकेशनमध्ये थोडी कमी पडतेस, म्हणून यंदा इन्क्रिमेंट जरा कमी आहे. खरं कारण वेगळंच होतं. त्या वर्षी आमच्या टीमच्या वाट्याला बजेटच तुटपुंजं आलं होतं, ते वाटता वाटता तिच्यापर्यंत फारसं उरलं नाही, आणि "पैसे नाहीत" असं तोंडावर सांगायची मला लाज वाटली म्हणून मी तिच्या कामात एक खोट शोधून काढली. तिने ते खरं मानलं. वर्षभर स्वतःच्या पैशाने कोर्स केला, प्रत्येक प्रेझेंटेशन अंगावर घेतलं, आणि पुढच्या अप्रेझलला ती सगळी यादी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, आता सांगा. त्या वर्षीसुद्धा बजेट कमीच होतं.

तेव्हा मी तिला खरं काय ते सांगितलं. ती चिडली नाही, फक्त म्हणाली की हे गेल्या वर्षीच सांगितलं असतंत तर मी ते वर्ष दुसऱ्या कशात तरी घातलं असतं. हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. तेव्हापासून अशी बातमी द्यायची वेळ आली की मी ज्या क्रमाने तयारी करतो तो इथे लिहितोय, नवीन मॅनेजर झालेल्यांना तरी उपयोग होईल.

पहिली पायरी: बातमी नक्की कोणती आहे ते स्वतःशी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. पगाराची वाईट बातमी आणि कामाची वाईट बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच वाक्यात कोंबतो. मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, बजेट दुप्पट असतं तर मी या माणसाला पूर्ण वाढ दिली असती का? उत्तर "हो" असेल तर बातमी पैशाची आहे, मग कामातल्या चुका काढायच्या नाहीत, एकही नाही. उत्तर "नाही" असेल तर बातमी कामाची आहे, मग बजेटच्या, मार्केटच्या, कंपनीच्या परिस्थितीच्या मागे लपायचं नाही, नाहीतर तो माणूस घरी जाऊन म्हणणार की माझं काम उत्तम आहे, कंपनीकडेच पैसे नाहीत, आणि पुढच्या वर्षी तसाच वागणार. त्यात त्याची काय चूक.

तिसरा प्रकार असतो तो बेल कर्व्हचा. काम गेल्या वर्षीइतकंच चांगलं, पण बाकीचे पुढे गेले किंवा वरून ठरवलंय की इतक्या टक्के लोकांनाच वरचं रेटिंग द्यायचं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी विभागणी गाजली होती, पुढे अनेक कंपन्यांनी ती उचलली, आणि काहींनी सोडूनही दिली, मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सोडली. तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर ती आहे हे सांगा. "तुझं काम खालावलेलं नाही, पण रेटिंग टीममधल्या तुलनेवर ठरतं आणि त्या तुलनेत तू यंदा मधल्या गटात आलास" हे ऐकायला कडू आहे पण खरं आहे. कर्व्हमध्ये बसवण्यासाठी रेटिंग खाली आणायचं आणि मग त्याला साजेशी कारणं वर्षभराच्या मेलमधून उकरून काढायची, हे मी अनेकांना करताना पाहिलंय आणि माझ्या मते माणसाचा विश्वास यानेच कायमचा जातो.

चौथा एक प्रकार म्हणजे त्या पदाच्या पगाराची वरची मर्यादाच गाठलेली असणं. म्हणजे कितीही चांगलं काम केलं तरी त्याच जागेवर राहून फार वाढ मिळणार नाही. हे तर लगेच सांगायला हवं, कारण त्याचे पुढचे निर्णय यावर अवलंबून असतात.

दुसरी पायरी: आत जायच्या आधी आकडे आणि उत्तरं गोळा करा

तुमच्या वरिष्ठाकडून आणि एचआरकडून एवढं तरी पक्कं करून घ्या की नेमका आकडा किती, कधीपासून लागू, निर्णय अंतिम आहे की अपील करता येतं, पुढचा रिव्ह्यू कधी, आणि कारणातलं काय काय सांगायची परवानगी आहे. पत्रात एक कारण आणि तुमच्या तोंडी दुसरं असं झालं तर लोक पत्रही मानत नाहीत आणि तुम्हालाही नाही.

एक हिशोब मात्र स्वतः करून जा. महागाई ६ टक्के असेल आणि वाढ ४ टक्के असेल तर हातात जास्त रक्कम येऊनसुद्धा त्या माणसाची खरेदीची ताकद साधारण २ टक्क्यांनी घटलीये. समोरच्याने हे घरी आधीच मोजलेलं असतं. त्यामुळे हसत हसत "अभिनंदन, ४ टक्के वाढ आहे" म्हणत सुरुवात केलीत तर त्याला वाटणार की याला एक तर कळत नाही किंवा मला कळत नाही असं याला वाटतं.

आणि वाढ थांबवणं नाही तर थेट पगार कापायचाच प्रकार असेल तर तोंड उघडायच्या आधी कायद्याचं बघणाऱ्यांशी बोला. कित्येक देशांत मालकाला एकतर्फी पगार कमी करता येत नाही, लेखी संमती किंवा आगाऊ नोटीस लागते.

तिसरी पायरी: कामाची बातमी असेल तर प्रसंग लिहून काढा

"ओनरशिप कमी आहे", "अ‍ॅटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे", "अजून मॅच्युअर व्हायला हवं" असलं काही लिहिलं असेल तर खोडून टाका. यातून समोरच्याला उद्या सकाळी येऊन नेमकं काय वेगळं करायचं ते कळत नाही, फक्त आपण माणूस म्हणून वाईट आहोत एवढं कळतं. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे आधीचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट खालावलेलं दिसलं, आणि त्यांनी मांडलेलं एक मोठं कारण हेच की लक्ष कामावरून उडून स्वतःवर जातं, "मी कसा आहे" यावर.

म्हणून सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपची तीन भागांची पद्धत मला सोयीची वाटते, प्रसंग कोणता, त्यात तू काय केलंस, त्याचा परिणाम काय झाला. उदाहरणार्थ, "मागच्या तिमाहीतल्या रिलीजच्या वेळी टेस्टिंग अर्धवट आहे हे तुला सोमवारी माहीत होतं, तू ते गुरुवारी सांगितलंस, त्यामुळे दोघांना रात्रभर थांबावं लागलं आणि तरी तारीख चुकली." यावर वाद होऊ शकतो पण निदान एका ठोस गोष्टीवर होईल. असे तीन प्रसंग पुरेत. पंधरा काढून बसलात तर ती आरोपपत्राची सुनावणी होते. आणि तिन्ही प्रसंग शेवटच्या महिन्यातले आहेत का तेही बघा, कारण आपल्याला ताजं तेवढंच आठवतं आणि वर्षाचे पहिले आठ-नऊ महिने आपण सहज विसरून जातो.

यातली एखादी गोष्ट त्याला पहिल्यांदाच कळणार असेल तर तो दोष तुमचा. ती या मीटिंगमध्ये रेटिंगचं कारण म्हणून वापरू नका, किंवा अगदीच टाळता येत नसेल तर "हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ते माझं चुकलं" असं स्पष्ट म्हणा.

चौथी पायरी: वेळ, जागा, निरोप

"उद्या जरा बोलायचंय" एवढाच मेसेज संध्याकाळी टाकू नका हो, त्या माणसाला रात्रभर झोप लागत नाही. सरळ लिहा की अप्रेझलबद्दल बोलायचंय, अर्धा तास, अमुक वेळेला. बंद खोली घ्या, काचेची असेल तर त्याला बाहेरच्यांकडे पाठ करून बसता येईल अशी खुर्ची द्या. लांब काम करणारा असेल तर व्हिडिओ कॉल करा, चॅटवर नाही. पोर्टलवर पत्र दिसायच्या आधी तुमच्या तोंडून कळायला हवं. त्याच्या लगेच नंतर त्याची क्लायंटबरोबर मीटिंग नाही ना तेही बघा. मी शक्यतो आठवड्याच्या पहिल्या दोन दिवसांत सकाळी बोलतो, म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी प्रश्न सुचले तर मी जागेवर असतो. शुक्रवारी संध्याकाळी सांगून पळणं आपल्याला सोपं जातं, पण त्याचे दोन दिवस त्याच विचारात जातात. आणि टीममधल्या सगळ्यांशी शक्यतो एकाच दिवशी बोलून घ्या, नाहीतर तिसऱ्याला पहिल्याकडून कळतं.

पाचवी पायरी: पहिली दोन मिनिटं

वाईट बातमी आपण टाळतो, उशिरा सांगतो, पातळ करून सांगतो, हे माणसाच्या स्वभावातच आहे. रोझेन आणि टेसर यांनी १९७० मध्ये प्रयोग करून हेच दाखवलं होतं आणि त्याला मम इफेक्ट असं नाव पडलं. अप्रेझलच्या खोलीत हे कसं दिसतं तर पहिली दहा मिनिटं प्रोजेक्टच्या गप्पा, मग कौतुक, मग मधेच पटकन बातमी, मग परत कौतुक. साखरेत घोळून दिल्यासारखं. यात दोन गोष्टी होतात, काहींना बातमी कळतच नाही, आणि ज्यांना कळते त्यांचा तुमच्या कौतुकावरचा विश्वास उडतो, पुढे कधी मनापासून "छान केलंस" म्हणालात तरी ते "पण"ची वाट बघत बसतात.

डॉक्टर लोकांना रुग्णाला वाईट निदान सांगायचं शिकवताना स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत वापरतात, २००० मध्ये ती प्रसिद्ध झाली. आजारपणाची आणि पगाराची बरोबरी मी करत नाहीये, पण त्यातली एक गोष्ट जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे आधी एक इशाऱ्याचं वाक्य, मग बातमी. त्या एका वाक्याने माणूस सावरून बसतो.

पैशाची बातमी असेल तर मी साधारण असं बोलतो, "बस. बातमी तुला हवी तशी नाहीये. यंदा तुझी वाढ ३ टक्के आहे. तुझ्या कामात काही कमी पडलं म्हणून नाही, आपल्या टीमला मिळालेलं बजेटच एवढं होतं. तुझं रेटिंग गेल्या वर्षीचंच आहे." आणि गप्प बसतो.

कामाची असेल तर, "मला तुझ्याशी एक अवघड गोष्ट बोलायचीये. या वर्षी तुझं रेटिंग अपेक्षेपेक्षा कमी असं आहे आणि त्यामुळे वाढ नाहीये. कारण कामाचं आहे, बजेटचं नाही. तीन प्रसंग मला सांगायचेत, आत्ता सांगू की दोन मिनिटं थांबू?"

भाषेकडेही लक्ष द्या. "असं ठरवण्यात आलंय" म्हटलं की कुणी ठरवलं तेच कळत नाही, नोटीस बोर्ड वाचल्यासारखं वाटतं. रेटिंग तुम्ही दिलं असेल तर "मी दिलं" म्हणा. "आपण यंदा थोडं कमी पडलो" यातलं "आपण" तर फारच वाईट, कमी तो पडला आणि वाढही त्याचीच गेली, तुम्ही त्यात कुठून आलात. आणि एरवी अरे-तुरे करत असाल तर त्या दिवशीही तसंच बोला, अचानक "तुम्ही" ऐकलं की माणसाला वाटतं आपल्याला आत्ताच परकं केलं. उलट वयाने मोठ्या माणसाशी एरवी "तुम्ही" असेल तर सहानुभूतीच्या भरात "अरे" वर येऊ नका. "जरा", "थोडंसं", "तसं काही नाही" हे शब्द तर त्या दिवसापुरते विसराच.

तुम्हाला स्वतःला निर्णय पटला नसेल तर? "मी खूप भांडलो रे पण वरच्यांनी ऐकलं नाही" असं म्हणायचा मोह होतो. त्याने तुम्ही चांगले ठरता पण त्या माणसाला आता कुणाशी बोलायचं तेच कळत नाही. मी शिफारस जास्त केली असेल तर एकदाच सांगतो की माझी शिफारस जास्त होती, निर्णय हा झालाय, आणि तो सांगायची जबाबदारी माझी आहे. त्याहून पुढे जात नाही.

सहावी पायरी: आता समोरचा बोलेल

किंवा बोलणार नाही. शांतता सहन होत नाही म्हणून आपण बडबड सुरू करतो आणि त्या बडबडीत भलतीच आश्वासनं देऊन बसतो. मनात वीसपर्यंत मोजा. रडू आलं तर पाणी द्या, थांबा, मीटिंग पुढे ढकलू का विचारा, "अगं रडू नकोस" म्हणू नका.

राग आला तर आवाजाला उत्तर देऊ नका, मुद्द्याला द्या. "हे अन्यायाचं आहे" म्हणाला तर "कुठला भाग तुला सगळ्यात चुकीचा वाटतोय?" असं विचारा आणि खरंच ऐका, कारण कधीकधी त्याच्याकडे असा प्रसंग असतो जो तुम्हाला माहीतच नव्हता. तसं निघालं तर तिथल्या तिथे आकडा बदलायचं वचन देऊ नका, पण "हे मी तपासून परवापर्यंत सांगतो" म्हणा आणि परवा सांगा, उत्तर "नाही" असलं तरी.

"त्याला किती मिळाले?" हा प्रश्न येणारच. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६०च्या दशकातच मांडलं होतं की माणूस आपली मेहनत आणि आपला मोबदला दुसऱ्याच्या मेहनत-मोबदल्याशी ताडून बघतो, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. दुसऱ्याचा आकडा सांगू नका, पण प्रश्न झटकूनही टाकू नका. वाढ कुठल्या निकषांवर वाटली ते सांगा, आणि निकषच नव्हते असं लक्षात आलं तर तो खरा प्रॉब्लेम आहे, तो पुढच्या वर्षाच्या आधी सोडवा.

"मग मी राजीनामा देऊ का?" याला घाबरून उलटा आकडा देऊ नका आणि "तुझी मर्जी" असंही म्हणू नका. मी म्हणतो, तू जावंस असं मला वाटत नाही, पण तू विचार करणार हे मी समजू शकतो, आज निर्णय घेऊ नकोस.

काही वाक्यं मात्र कधीच नकोत. "मलाही कमीच मिळालेत." "निदान नोकरी तरी आहे." "मी तुझ्या जागी असतो तर आभार मानले असते." ही बोलणाऱ्याला हलकं करतात, ऐकणाऱ्याला नाही.

सातवी पायरी: कारण नीट सांगा, घाईत नाही

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. एका उत्पादक कंपनीने ऑर्डर गेल्यामुळे दोन प्लांटमध्ये १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगार कापला, तिसऱ्या प्लांटमध्ये नाही. कापलेल्यांपैकी एका ठिकाणी सविस्तर मीटिंग घेऊन, आकडे दाखवून, प्रश्नांना उत्तरं देऊन, दिलगिरी दाखवून सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात उरकलं. दोन्हीकडे सामानाची चोरी वाढली, पण जिथे नीट समजावलं होतं तिथे ती बरीच कमी होती, आणि पगार पूर्ववत झाल्यावर दोन्हीकडे ती पुन्हा खाली आली. कपात तेवढीच होती, फरक होता तो सांगण्यात.

म्हणून सगळ्यांचाच पगार कापायचा किंवा वाढ गोठवायची वेळ आली तर आधी सगळ्यांना एकत्र बोलावून, ज्याने निर्णय घेतला त्यानेच सांगावं, वरच्यांनी स्वतःचं किती कापलं ते आधी सांगावं, कपात किती दिवस आणि कशावर पूर्ववत होणार ते सांगावं. त्यानंतर मॅनेजरने प्रत्येकाशी एकेकटं बोलावं, कारण कुणाच्या डोक्यावर कर्ज असतं, कुणाकडे आजारपण असतं, ते सगळ्यांसमोर कुणी बोलत नाही.

आठवी पायरी: पुढे काय

हे त्याच मीटिंगमध्ये उरकू नका. बातमी ऐकल्यावर माणसाच्या डोक्यात फक्त आकडा फिरत असतो, तुमचा सुंदर डेव्हलपमेंट प्लॅन त्याला ऐकूच येत नाही. त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका, आकडा, कारण, तारीख, पुढची भेट कधी. मग दोन-तीन दिवसांनी दुसऱ्यांदा बसा.

कामाचा प्रश्न असेल तर दोन किंवा तीनच गोष्टी ठरवा, प्रत्येकीला तारीख, आणि "सुधारलं" हे कशावरून ठरवणार ते लिहून, आणि तुम्ही काय मदत करणार तेही लिहून. पीआयपी, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवायची लेखी योजना, द्यायचा असेल तर आधी मनाला विचारा की हा माणूस यातून पास झाला तर मला आनंद होईल का. काढायचं आधीच ठरलेलं असताना ६० दिवस सुधारणेचं नाव देऊन त्याला धावायला लावणं हे मला क्रूर वाटतं, त्यापेक्षा जायचं कसं, किती वेळ आणि काय देऊन, हे एचआरबरोबर ठरवून सरळ बोलावं.

पैशाचा प्रश्न असेल तर तुमच्या हातात जे आहे तेवढंच बोला. "पुढच्या वर्षी नक्की करू" हे तुमच्या हातात नाही. सहा महिन्यांनी मधला रिव्ह्यू मागून घेणं, वरच्या पदाचं काम आणि त्याचं नाव दोन्ही मिळवून देणं, कामाची वेळ बदलून देणं, हे असू शकतं. पण वाढीच्या बदल्यात गोड बोलून कामच वाढवून दिलंय असं होऊ देऊ नका, लोकांना ते लगेच कळतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याशी एरवीसारखंच बोला. आपल्याला अवघड वाटतं म्हणून आपण आठवडाभर त्याला टाळतो, आणि त्याला वाटतं आता आपल्याला कडेला केलं. मी कॅलेंडरवर तेव्हाच दोन खुणा करून ठेवतो, एक आठवड्यानंतरची आणि एक सहा आठवड्यांनंतरची. पहिल्या भेटीत फक्त विचारायचं की तेव्हा विचारायचं राहिलं असं काही आहे का, आणि बहुतेक वेळा खरे प्रश्न तेव्हाच येतात. दुसऱ्या भेटीत मी जे बघतो म्हणालो होतो त्याचं काय झालं ते सांगायचं, आणि काहीच झालं नसेल तर "अजून काही ठरलेलं नाही, पुढचं तुला अमुक तारखेला सांगतो" एवढं तरी सांगायचं, त्याने विचारायच्या आधी.